आधी मागच्या सीटवर बसून बघा

पत्र: नमस्कार काका. आम्ही घोडबंदर रोडवर वाघबीळला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन वर्षांचा मुलगा. आत्ताची गाडी अकरा वर्षांची झाली, ती विकून नऊ लाखांपर्यंत दुसरी घ्यायची आहे. सासऱ्यांच्या ओळखीत कळंबोलीला २०१६ची सात सीटर डिझेल गाडी विकायला आहे, साडेसात लाखांना. ते म्हणतात, पत्रा जाड आहे आणि मोठ्या गाडीला समोरचा बिचकतो. ह्यांना नवी छोटी गाडी हवी, पण टॉप मॉडेल, सनरूफवालं. मी स्वतः रोज ऐरोलीला ऑफिसला गाडी नेते आणि कंटेनरच्या शेजारी आले की हातांना घाम सुटतो. वर्षातून दोन-तीनदा चिपळूणला गावी जातो. गणपतीला तर रात्रीच निघतो, म्हणजे छोटा माझ्या मांडीवर झोपून जातो. सासूबाई बेल्ट लावत नाहीत, गुदमरायला होतं म्हणतात. कुठली गाडी घ्यावी?
(एक वाचक, ठाणे)

ताई, तुमचा प्रश्न गाडीचा आहे, पण मी अडकलो शेवटच्या दोन वाक्यांवर. छोटा मांडीवर आणि सासूबाई बेल्टशिवाय. कुठली गाडी ते सांगतोच, पण ते मागच्या सीटवरून ठरणार आहे. म्हणून आधी तिकडे बसू.

मी सत्तावीस वर्षं अपघातातल्या गाड्यांचे विम्यासाठी सर्वे केले. ठाणे, भिवंडी, पनवेल, खोपोलीपर्यंत. यार्डात आणून टाकलेली गाडी बघायची आणि दुरुस्ती होईल की टोटल लॉस, ते लिहायचं. माणसं तोवर हॉस्पिटलात गेलेली असायची, पण गाडी बरंच सांगते. जोराच्या धडकेत बेल्ट लावलेला असेल तर त्याच्या पट्टीवर घासल्याच्या, ताणल्याच्या खुणा राहतात. डोकं आपटलेली काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते. आणि एक चित्र मी इतक्यांदा पाहिलं की पुढे पुढे दार उघडायच्या आधीच अंदाज यायचा. पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडलेल्या, पुढचे बेल्ट ताणलेले, आणि ड्रायव्हरच्या सीटची पाठ मागून पुढे वाकलेली. मागचं कोणीतरी तिच्यावर येऊन आदळलेलं असायचं. मागचे बेल्ट मात्र सीट कव्हरखाली गाडलेले, कंपनीतून आले तसे कोरे.

दुसऱ्यांना हे लिहून देणाऱ्या माझ्या स्वतःच्या गाडीत कितीतरी वर्षं मागची बक्कलं कव्हरखालीच होती. कव्हर बसवणाऱ्या पोराने ती आत ढकलली, मी पैसे दिले आणि निघालो. आईला घेऊन नाशिकला जाऊन आलो, तेव्हाही तशीच. काही झालं नाही, हे आमचं नशीब.

मागे बसणाऱ्याला बेल्ट सक्तीचा आहे, तो न लावल्यास हजार रुपये दंड आहे, हे तुम्हाला माहीत असेल. सप्टेंबर २०२२मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. ते मागे बसले होते, बेल्ट नव्हता, आणि गाडी चांगली महागडी होती. तुमचा घोडबंदर रोड पुढे ज्या हायवेला मिळतो, तोच हा हायवे. महिनाभर सगळीकडे मागच्या बेल्टची चर्चा झाली, मग ती विरली.

आता मांडीवरच्या छोट्याचं गणित बघा. दोन वर्षांचं मूल साधारण बारा किलोचं. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललेली आहे आणि एखाद्या भक्कम वस्तूवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या क्षणी तुमच्या हातांना ते बारा किलो दीडशे किलोंहून जास्त वाटतील. सिमेंटची तीन पोती. आईची माया कितीही असो, हात सुटतात. त्याला आपल्याच बेल्टच्या आत घ्यायचा विचार तर मुळीच नको, कारण मग तुमचं सगळं वजन त्याच्यावर येईल.

म्हणून नऊ लाखांतून सगळ्यात आधी चाइल्ड सीटचे पैसे बाजूला काढा. गाडी ठरायच्या आधी. पाकिटावर आर-४४ किंवा आर-१२९ हे मानक लिहिलेलं आहे ना ते बघा, आणि मुलाचं तोंड मागे करून बसवता येईल अशी घ्या. सीटवर दिलेल्या वजनाच्या किंवा उंचीच्या मर्यादेपर्यंत मागे तोंड असलेलं चांगलं, कारण या वयात डोकं जड आणि मान नाजूक असते. सीट मागेच लावायची. समोर एअरबॅग चालू असताना उलट्या तोंडाची सीट पुढे लावणं जिवावरचं काम आहे. पहिले आठ दिवस तो रडेल. आमच्या नातीने वाघबीळ ते माजिवडा इतका वेळ सूर लावला होता की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून बघत होता. नवव्या दिवशी ती त्यातच झोपली.

सासूबाईंचं गुदमरणं खोटं नाही. बहुतेक वेळा काय होतं, त्या बेल्ट झटकन ओढतात, तो लॉक होतो, त्या आणखी ओढतात, आणि तो गळ्याशी काचतो. सोडून द्यायचा, पूर्ण आत जाऊ द्यायचा, मग सावकाश ओढायचा. पाठ सीटला टेकवून बसायचं. खालची पट्टी पोटावरून नाही, पोटाखाली कमरेच्या हाडावरून गेली पाहिजे. वरची खांद्याच्या मधोमध. पदर बेल्टच्या वरून घ्यायचा, आतून नाही, म्हणजे चुण्या पडत नाहीत आणि बेल्ट सरकत नाही. गाडी पेटली तर अडकून पडू, असंही त्या म्हणतील, सगळेच म्हणतात. गाड्या क्वचित पेटतात, पण पेटलीच तर शुद्धीत असलेला माणूस बक्कल सोडू शकतो. पुढच्या सीटवर डोकं आपटून बेशुद्ध झालेला काय करणार? यजमानांकडून बोलवून घ्या. सुनेचं ऐकण्यापेक्षा मुलाचं ऐकणं सोपं जातं, हा काही गाड्यांचा विषय नाही, पण अनुभवाचा आहे. एवढंही सांगा की त्यांनी बेल्ट लावला नाही तर धडकेत त्या पुढे बसलेल्या मुलावरच जाऊन आदळतील.

आता गाडी.

सासरे पूर्ण चुकलेले नाहीत, हे आधी मान्य करतो. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर जड गाडीला कमी धक्का बसतो, हे पदार्थविज्ञान आहे. पण 'जाड पत्रा' ही गोष्ट मनातून काढायला हवी. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठी केलेला असतो. तो चेपताना धक्का गिळतो, आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहायला हवा. मी यार्डात गेल्यावर बॉनेटकडे नंतर बघायचो, आधी चारी दारं उघडून बघायचो. बॉनेटचा चुराडा झालाय आणि दारं सहज उघडतायत, म्हणजे गाडीने काम चोख केलं. लोक तीच गाडी बघून म्हणायचे, काय कच्ची गाडी!

शिवाय ती गाडी २०१६ची आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९पासून, आणि शेजारच्या सीटची जानेवारी २०२२पासून. त्याआधी कंपनी ज्या मॉडेलला देईल त्याला द्यायची. त्या गाडीचं नेमकं मॉडेल कुठलं, त्यात किती एअरबॅग आहेत आणि ईएससी आहे का, हे सासऱ्यांनी विचारलंय का? ईएससी म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा. पावसात खड्डा चुकवायला झटकन स्टेअरिंग फिरवलं, अशा वेळी ती कामाला येते. उंच गाडीला तर ती हवीच, कारण उंच गाडी उलटायला लवकर तयार होते. आणि सात सीटरमधली शेवटची रांग बघा, डिकीच्या दारापासून किती इंचांवर डोकं येतं ते. तुम्ही घरात पाच जण आहात. ती रांग पाहुण्यांसाठी, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

तरी ते अडून बसले तर गाडी बघायला स्वतः जा आणि सगळे बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पाण्यात बुडालेल्या गाडीत सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण बेल्टचं आतलं टोक धुवायचं विसरतात. तिथे चिखलाचा डाग किंवा कुबट वास असेल तर चहा पिऊन परत या. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा डॅशबोर्डवर लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद केलाय, बहुधा उघडून गेलेल्या एअरबॅगच्या जागी नवी घातलेली नाही. दारांच्या आणि बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल, तर ते कधीतरी खोललेलं आहे. पुढे मोठा लोखंडी गार्ड असेल तर काढायला लावा, त्याला बंदी आहे आणि त्याने एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब बिघडतो.

माझं मत विचाराल तर नवी घ्या, आणि छोटीच घ्या. पण टॉप मॉडेलसाठी नाही. तुमच्या बजेटमध्ये आज अशा गाड्या आहेत, ज्यांच्या खालच्या मॉडेललाही सहा एअरबॅग आणि ईएससी मिळतं. तेव्हा मधलं किंवा खालचं मॉडेल घ्या, वरचे पैसे चाइल्ड सीट, चांगला विमा आणि टायरसाठी ठेवा. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या, गाड्यांच्या सुरक्षिततेला पाचपैकी तारे देणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा पाचही शून्य ताऱ्यांवर आल्या होत्या. २०१८च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे मिळाले, २०२४ला नव्या डिझायरला. छोटी म्हणजे कच्ची हे आता जुनं झालं. ऑक्टोबर २०२३पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे, तिथला निकाल सेल्समनच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचा.

वाचताना एक मेख लक्षात ठेवा. तिथे दोन वेगळे निकाल असतात, मोठ्यांचा ३२पैकी आणि मुलांचा ४९पैकी. मोठ्यांच्या ताऱ्यांसाठी समोरासमोरच्या धडकेत जे मोठे पुतळे बसवतात, ते पुढे. मागे असतात ते चाइल्ड सीटमधले मुलांचे पुतळे. म्हणजे मोठ्यांचे पाच तारे तुमचे आणि यजमानांचे. सासूबाई मागे कशा राहतील, हे त्या ताऱ्यांत नाही. आणि ती धडक ताशी ६४ किलोमीटरची असते. एक्सप्रेसवेवर ताशी १००ने जाताना गाडीत त्याच्या जवळजवळ अडीचपट ऊर्जा असते. तारे तिथे किती पुरतील याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून शोरूममध्ये ड्रायव्हरच्या सीटवर नंतर बसा. सासू-सासरे, छोटा आणि त्याची चाइल्ड सीट, सगळं घेऊन जा. सेल्समन कुरकुरेल, करू दे. मागे चाइल्ड सीट आयसोफिक्सला, म्हणजे सीटच्या फटीत ती अडकवायला दिलेल्या कड्यांना, बसवा, उरलेल्या जागेत दोघांना बसवा आणि तिघांचे बेल्ट प्रत्यक्ष लावून बघा. चाइल्ड सीट लागली की शेजारचं बक्कल दिसेनासं होतं, हे तिथेच कळेल. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे की नुसता कमरेचा? तिन्ही जागांना डोक्यामागचा टेका आहे? तो सासऱ्यांच्या डोक्यापर्यंत येतो का, की मानेतच संपतो? या तपासणीत तुमच्या यादीतली एक तरी गाडी बाद होईल, आणि ती बहुधा जाहिरातीत सर्वांत छान दिसणारी असेल. गाडी घेतलीत की कव्हरवाल्याला दोन गोष्टी बजावा: बक्कलं वर राहिली पाहिजेत, आणि सीटच्या बाजूला जिथे एअरबॅगची खूण आहे तिथली शिवण ती फाडून बाहेर येऊ शकेल अशी हवी. नाहीतर कव्हरच नको.

सीएनजीचा विचार असेल तर डिकी पूर्ण उघडून बघा. ठाण्यात रोजच्या येण्याजाण्याला सीएनजी परवडतं, मी नको म्हणत नाही. पण सिलेंडरने डिकी खाल्ली की चिपळूणहून येताना सामान कुठे जातं? मागच्या काचेखालच्या फळीवर आणि पायाशी. दहा किलोचा फणस त्या फळीवर ठेवलात तर मघाचं दीडशे किलोंचं गणित त्यालाही लागू आहे, आणि तो नेमका सासूबाईंच्या मानेमागे असतो. आंब्याच्या पेट्या, फणस, नारळाचं पोतं, सगळं डिकीत, खाली, सीटच्या पाठीला टेकवून. नाही मावलं तर एसटीने पाठवा.

गणपतीला रात्री निघायची सवय मात्र मोडा. मला कल्पना आहे, सगळं ठाणं रात्रीच निघतं, ट्रॅफिक नसतं म्हणतात आणि मग सगळे मिळून माणगावला पहाटे अडकतात. दिवसभर ऑफिस करून स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान झोप मागून येऊन धरते. त्यात मुंबई-गोवा रस्त्यावर काम चालू असलेल्या जागी वळण कधी डावीकडून उजवीकडे नेतात, अंधारात ते शेवटच्या क्षणी दिसतं. कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रेलर तर माझ्या कामातला सगळ्यात वाईट प्रकार. छोटी गाडी त्याच्या मागून खाली घुसते, बंपरला काही लागतच नाही, थेट काचेवर ट्रेलरची कड येते. तिथे तारे आणि एअरबॅग फारसं काही करू शकत नाहीत. रात्री झोपा, पहाटे पाचला निघा. गणपती तुमच्यासाठी चार तास थांबेल.

सासरे घाटात उतरताना न्यूट्रल करत असतील तर (त्यांच्या पिढीतले बहुतेक करतात, मीही केलंय) त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला इंधन जळतच राहतं. म्हणजे ते वाचवतायत असं समजून उलट खर्च करतायत. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पेडल मऊ पडतं. चढताना ज्या गिअरला गाडी आरामात चढली असती, त्याच गिअरला परशुराम घाट उतरायचा.

आता तुमचा घाम. कंटेनरच्या शेजारी भीती वाटते, ती ठेवा, ती शहाणी आहे. फक्त शेजारी राहू नका. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तोही तुम्हाला बघू शकत नाही, हा सोपा नियम. विशेषतः त्याच्या डाव्या बाजूला, माजिवड्याला किंवा कापूरबावडीला तो वळताना, त्याचं मागचं अंग तुमच्यावर आत येतं. एक तर मागे राहा किंवा झटकन पुढे निघून जा. चढावर त्याच्यामागे थांबाल तेव्हा त्याचे मागचे टायर रस्त्याला जिथे टेकतात ती जागा तुम्हाला दिसली पाहिजे, म्हणजे तो थोडा मागे आला तरी तुम्हाला वाव राहतो. पावसात साचलेलं पाणी दिसलं तर आधी पुढच्या गाडीला जाऊ द्या, तिच्या चाकावरून खड्डा किती खोल ते कळतं. आणि एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, सोबत कोणी जाणकार घेऊन चाळीसच्या वेगाने ब्रेक जोरात दाबून बघा. एबीएसमुळे पाय थरथरतो, पेडल ठोकल्यासारखं वाटतं. पहिल्यांदाच ते खऱ्या अडचणीत जाणवलं तर लोक घाबरून पाय उचलतात. उचलायचा नाही, दाबून धरायचा आणि वळायचं.

टायरचं थोडक्यात. जुनी गाडी विकेपर्यंत तुम्ही तीच चालवणार. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) ही अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. ३२१९ असेल तर तो २०१९च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही उरलेली असो, सहा वर्षांचा टायर घेऊन घाटात जाऊ नका. खाचेतल्या खुणेपर्यंत झिजला, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आला, तर आधीच बदला. हवा दर पंधरवड्याला थंड टायरमध्ये तपासा, स्टेपनीचीसुद्धा.

सनरूफचं राहिलं. ऑक्टोबरच्या उन्हात ठाण्यात तो पडदा आपण किती वेळा उघडणार आहोत, हे यजमानांनाच विचारून बघा. आणि घेतलंच, तर छोट्याला त्यातून वर उभं करून गावच्या पुलावर फोटो काढायचा मोह कोणाला होणार आहे, तेही मला माहीत आहे. सासऱ्यांना.